१ इतिहास, अध्याय १ ते ४ : ही नावं वाचायची कशी, आणि त्यांत खरंच काही दडलंय का?

नगरी_वाचक

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर मे महिन्यात बायबलचं अखंड शास्त्रवाचन असतं. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, रात्रंदिवस, प्रत्येकाला अर्ध्या-पाऊण तासाची पाळी. अध्याय चिठ्ठ्या काढून वाटतात. कुणाला स्तोत्रं मिळतात, कुणाला रूथ. मला यंदा १ इतिहास, अध्याय १ ते ४. चिठ्ठी उघडली तेव्हा शेजारचे काका काही बोलले नाहीत, नुसती पाठीवर थाप मारून गेले.

ज्यांनी हे पुस्तक उघडलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ते "आदाम, शेथ, अनोश" असं धाडकन सुरू होतं. प्रस्तावना नाही, क्रियापदसुद्धा नाही. पुढचे नऊ अध्याय जवळजवळ नावंच नावं. चौथ्या अध्यायात हस्सलेलपोनी नावाची एक बाई आहे. तिचं नाव आरशासमोर सात वेळा म्हणून पाहिलं, सातही वेळा वेगळं आलं.

त्यातच कुटुंबाच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. उत्पत्ती ५ मधली दहा नावं (१ इतिहासाच्या सुरुवातीलाही हीच आहेत) आणि त्यांचे अर्थ: आदाम = मनुष्य, शेथ = नेमलेला, अनोश = मर्त्य, केनान = दुःख, महललेल = स्तुत्य देव, यारेद = खाली येईल, हनोख = शिकवीत, मथुशलह = त्याचे मरण आणील, लामेख = निराश झालेले, नोहा = विसावा. सगळं जोडलं की वाक्य होतं: "मर्त्य मनुष्याला दुःख नेमलेले आहे, पण स्तुत्य देव खाली येऊन शिकवील आणि त्याचे मरण निराश झालेल्यांना विसावा आणील." म्हणजे येशूची अख्खी सुवार्ता दहा नावांत!

वाचून अंगावर काटा आला, हे खोटं कशाला बोलू. वाचनाच्या आधी दोन मिनिटं हे सांगावं असं मनात आहे. पण खरं आहे का? हिब्रूच्या जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाबाज

जागा धरून ठेवतो. हे फॉरवर्ड आमच्याकडेही आलं होतं, खाली "दहा जणांना पाठवा" असं होतं. मी एकालाही पाठवलं नाही. अजून तरी बरा आहे.

मात्रावेलांटी

सेमिनरीत हिब्रू शिकले, नंतर काही वर्षं शिकवलंही. त्यामुळे हे फॉरवर्ड दर वर्षी कुणीतरी विद्यार्थी आणून देतोच. उत्तर जरा लांब होईल.

दहापैकी काही अर्थ बरोबर आहेत. आदाम म्हणजे मनुष्य, आणि 'अदामा' म्हणजे जमीन, हा खेळ तर पहिल्या पानापासून आहे. अनोश म्हणजेही माणूसच, मर्त्यपणाची छटा असलेला. शेथचं कारण मजकूरच देतो: हाबेलाच्या जागी देवानं दुसरं संतान 'शाथ', म्हणजे ठेवलं, असं हव्वा म्हणते. हनोखमध्ये आरंभ करणं, अर्पण करणं, वळण लावणं अशा छटा आहेत, तेव्हा 'शिकवीत' थोडं ओढूनताणून चालेल.

आता गडबडी. केनान म्हणजे दुःख नाही. 'कीना' म्हणजे विलाप हा वेगळा शब्द आहे, त्याच्या शेवटी वेगळं अक्षर येतं. केनान हा काइनाच्या नावाचा जवळचा नातेवाईक. महललेल म्हणजे 'देवाची स्तुती', 'स्तुत्य देव' नव्हे. आपल्याकडे 'गुरुपूजा'चा अर्थ 'पूज्य गुरू' असा करून पाहा, म्हणजे फरक कळेल. मथुशलहमध्ये 'मरण' ऐकू येतं, पण तिथला 'मतू' हा 'माणूस' या अर्थाचा जुना शब्द आहे. अक्कादी या बाबेलकडच्या जुन्या भाषेतही 'मुतू' म्हणजे पुरुष, नवरा. 'शेलह' म्हणजे फेकायचं शस्त्र. तेव्हा 'भालेवाला माणूस' असं काहीसं. त्यात कुणाचं मरणही नाही आणि 'आणील'ही नाही. लामेखची तर गंमतच. ल-म-ख हे धातुमूळ हिब्रूत सापडतच नाही. रिकामी जागा दिसली, तिथे 'निराश' बसवून दिलं.

यारेदबाबत मात्र फॉरवर्डवाल्याला थोडे गुण द्यायला हवेत. 'यारद' म्हणजे उतरणं, आणि नुसती व्यंजनं पाहिली तर 'तो उतरेल' असंही वाचता येतं. प्राचीन यहुद्यांनाही हा मोह आवरला नव्हता. हनोखाच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रंथात स्वर्गातले दूत हर्मोन डोंगरावर उतरले ते "यारेदाच्या दिवसांत", असं लिहिलंय ते याच कोटीसाठी.

हिब्रू मुळात व्यंजनांची लिपी आहे. मोडी वाचणाऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ स्वतः ठरवावं लागतं, इथे तर जवळजवळ सगळे स्वरच वाचणाऱ्यानं भरायचे. स्वरचिन्हं पद्धतशीर लावण्याचं काम पुष्कळ उशिरा, साधारण सातव्या ते दहाव्या शतकांत, मासोरा पंडितांनी (बायबलचा पाठ जपणाऱ्या यहुदी पंडितांनी) केलं. त्यामुळे नावात कोटी करायला भरपूर जागा आहे, आणि बायबलच्या लेखकांनी ती स्वतःच यथेच्छ वापरली आहे. नोहा घ्या. नावाचं मूळ 'नूह' म्हणजे विसावणं. पण लामेख म्हणतो, हा आमचं सांत्वन करील, 'यनहमेनू'. तो धातू न-ह-म, दुसराच. व्याकरणाच्या परीक्षेत लामेख नापास! पण त्याला व्युत्पत्ती सांगायचीच नव्हती. ध्वनी जुळला, बापाची आशा बोलून झाली, संपलं. भाषांतरात नाव तसंच ठेवावं लागतं आणि अशी जागा मुकी होते. पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकून केडगावला मूळातून भाषांतर करत होत्या, त्यांच्यासमोरही हाच पेच असणार.

आणि एक साधा प्रश्न. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात काइनाची वंशावळ आहे: हनोख, ईराद, महूयाएल, मथुशाएल, लामेख. पाचव्याशी ताडून पाहा, निम्मी नावं तीच किंवा सख्खी भावंडं. पाचव्यात सुवार्ता लपली असेल तर चौथ्यात काय लपलंय? तिथला लामेख तर सत्त्याहत्तर पट सूड घेईन म्हणून बायकांसमोर फुशारकी मारतो.

आशेची_वात

मात्रावेलांटीताई, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे. पण देवाच्या वचनात एक अक्षरही उगाच नाही, असं मी मानते. मथुशलहाचंच बघा. तो १८७ वर्षांचा असताना लामेख झाला, लामेख १८२ वर्षांचा असताना नोहा, आणि नोहा ६०० वर्षांचा असताना जलप्रलय. बेरीज ९६९. मथुशलह जगला किती? ९६९. म्हणजे तो गेला त्याच वर्षी प्रलय आला. "त्याचे मरण आणील" याचा अर्थ आणखी काय असतो? माझ्या आजीनं ही बेरीज मला पाटीवर करून दाखवली होती, तेव्हा हे मोबाईलही नव्हते.

मात्रावेलांटी

आजींची बेरीज शंभर टक्के बरोबर आहे. आकडेही सहज म्हणून पडलेले नसावेत, तिथे आपलं एकमत. फक्त ती बेरीज नावाचा अर्थ बदलत नाही. दुसरं असं की हे आकडे हिब्रू पाठातले. जुन्या ग्रीक भाषांतराच्या पुष्कळ प्रतींत १८७ च्या जागी १६७ आणि १८२ च्या जागी १८८ आहेत. त्या हिशेबानं मथुशलह प्रलयानंतर १४ वर्षं जगतो, आणि नोहाच्या तारवात वाचलेल्यांत तर त्याचं नाव नाही! यावर पाचव्या शतकात संत ऑगस्टीननं बरंच डोकं खपवलं होतं. प्रश्न विचारला म्हणून त्याची श्रद्धा कमी झाली नाही, तेव्हा आपणही घाबरायचं कारण नाही.

लपलेलं वाक्यच हवं असेल तर मी खरं दाखवते. १ इतिहास २५:४. दाविदाचा गायक हेमान, त्याला १४ मुलगे, ३ मुली. मुलग्यांतली शेवटची नऊ नावं: हनन्या, हनानी, अलियाथा, गिद्दल्ती, रोममती-एजेर, याश्बकाशा, मल्लोथी, होथीर, महजियोथ. आता मोठ्यानं, सलग वाचा. हिब्रू कानाला साधारण असं ऐकू येतं ('याह' हे देवाच्या नावाचं छोटं रूप): "याह, कृपा कर, माझ्यावर कृपा कर, माझा देव तूच. मी थोरवी गाइली, साहाय्याला उंचावलं. संकटात बसून मी बोललो. विपुल दे दर्शनं."

इथे ओढाताण जवळजवळ करावी लागत नाही. 'गिद्दल्ती' हे सरळ प्रथमपुरुषी क्रियापद आहे, "मी थोर मानलं". मुलाचं नाव कुणी "मी-गायलो" असं ठेवतं का? एखाद्या स्तोत्राच्या ओळीच मुलांच्या नावांत वाटल्या आहेत, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. गायकाचं घर ते! पुढे त्याच अध्यायात पाळ्यांच्या चिठ्ठ्या निघतात आणि हीच नावं विखरून येतात. म्हणजे ओळ फुटते.

चहाबाज

चिठ्ठ्या काढून पाळ्या वाटल्या? नगरी_वाचकांची मंडळी परंपरेनं चाललीय म्हणायची.

अलिबाग_ते_अश्दोद

शालोम मंडळी. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. आजोबा १९६० च्या दशकात इकडे इस्राएलात आले, घरात अजून मराठीच, आणि मासळीचं कालवणही अलिबागचंच.

तुम्ही हिब्रू नावं वाचताना अडखळता, आमच्या पूर्वजांनी सोपा उपाय केला, नावंच मराठी करून टाकली. अब्राहामाचा अबाजी, शमुवेलाचा समाजी, एलियाचा एलोजी, याकोबाचा अकूबजी. पुढे गावावरून आडनाव: किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. माझ्या खापरपणजोबांचं नाव सुंतेच्या वेळी एक आणि तेलाच्या घाण्यावर दुसरं. अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा (एलिया संदेष्ट्याचा) टापा, म्हणजे पवित्र जागा आहे, मलिद्याचा नवस फेडायला इथून विमानानं जाणारे लोक आहेत. एलियाहू म्हणजे "याहू माझा देव". तुमच्या शास्त्रातली यशया, यिर्मया, जखऱ्या, ओबद्या ही 'या'नं संपणारी सगळी नावं त्याच देवाच्या नावाची शेपटी लावलेली, आणि योनाथान-योएलमध्ये तीच शेपटी पुढे.

माझ्या मामाचं नाव पिन्हास. आमच्यात फार आवडतं नाव, तोरामधला (मोशेच्या पाच पुस्तकांमधला) एक साप्ताहिक पाठही त्या नावाचा. लहानपणी त्याला विचारायचो अर्थ काय, तो म्हणायचा, "अर्थ काय, मोठा याजक होता तो." इकडे शाळेत कळलं की नाव हिब्रू नाहीच, मिसरी आहे, "नूबियाचा माणूस", म्हणजे सावळा. मामा खरंच सावळा आहे. त्याला सांगितलं तर म्हणाला, मग बरोबरच ठेवलं.

आणि तुमच्या या नऊ अध्यायांबद्दल तालमुदात, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथात, एक वचन आहे. आठव्या अध्यायाच्या शेवटी आसेल नावाचा माणूस येतो, नवव्याच्या शेवटी पुन्हा तोच. रब्बी म्हणतात, "आसेलपासून आसेलपर्यंत" जे आहे त्यावर चारशे उंट लादता येतील एवढी विवेचनं होती. ती सगळी हरवली म्हणे. तेव्हा धागा लांबला तर वाईट वाटून घेऊ नका, अजून एक उंटही भरलेला नाही.

खापरखुणा

उंट भरायला आलो आहे. मी पुरातत्त्वाच्या अंगानं लिहितो.

एक नाव, दोन पुस्तकं. शौल राजाच्या एका मुलाचं नाव शमुवेलाच्या पुस्तकात ईश-बोशेथ आहे, म्हणजे "लाजेचा माणूस". कोणता राजा मुलाचं नाव असं ठेवील? १ इतिहास ८:३३ उघडा, तिथे तोच मुलगा एश्बाल आहे, "बआलाचा माणूस". योनाथानाचा लंगडा मुलगा तिकडे मफीबोशेथ, इकडे मरीब्बाल. दाविदाचा एक मुलगा तिकडे एल्यादा, इकडे बेल्यादा. बआल हे कनानी लोकांच्या देवाचंही नाव. म्हणजे नंतरच्या कुणा लेखनिकाला राजघराण्यातला 'बआल' सहन झाला नाही, त्यानं तिथे 'बोशेथ', लाज, घातली. आणि गंमत अशी की उशिरा लिहिलेल्या, एरवी फार सोवळ्या इतिहासग्रंथात जुनं नाव तसंच राहून गेलं. 'बआल'चा साधा अर्थ धनी, मालक. एके काळी तो शब्द आपल्याच देवालाही लावत असतील. शौलानं एका मुलाचं नाव योनाथान ठेवलंय, त्यात याह आहेच.

हे नुसतं पुस्तकी नाही. जेरुसलेमच्या नैर्ऋत्येला खिर्बेत कैयाफा इथे २०१२ मध्ये एका रांजणाचे तुकडे मिळाले. जोडल्यावर त्यावर नाव निघालं: एश्बाल बेन बेदा. हा शौलाचा मुलगा नव्हे, दुसराच कुणी एश्बाल. पण साधारण त्याच काळातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे यादीतलं नाव त्या काळच्या माणसाचंच होतं, कल्पनेतलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला याहून आवडते. सलाफहादाच्या पाच मुली: महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. बापाला मुलगा नव्हता, तर वतन आम्हाला द्या म्हणून मोशेसमोर उभ्या राहिलेल्या. शोमरोनात, म्हणजे उत्तरेकडच्या इस्राएल राज्याच्या जुन्या राजधानीत, १९१० मध्ये शाईनं लिहिलेल्या खापऱ्या मिळाल्या, इसवीसनापूर्वी आठव्या शतकातल्या. दारू आणि तेल कुठून आलं याच्या पावत्या म्हणा ना. त्यांत प्रदेशांची नावं आहेत, आणि त्यांत नोआ आणि होग्ला आहेत! मुली की मुलूख? बहुधा दोन्ही. १ इतिहासाच्या दुसऱ्या-चौथ्या अध्यायांत "तकोवाचा बाप", "बेथलेहेमाचा बाप" असं पदोपदी येतं. हा बाप म्हणजे गाव वसवणारा, गावचा मूळपुरुष. ही वंशावळ अर्धी नकाशा आहे आणि अर्धा सातबारा. चौथ्या अध्यायात तलम कापड विणणारी घराणी आहेत, राजाचे कुंभार आहेत. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वहीत आपलं पान उघडलं की पणजोबांच्या नावाशेजारी गाव येतंच, तसं.

पैठणगेट

भूगोलाचा विषय निघालाच आहे तर आमच्या मराठवाड्याचं. पहिल्याच अध्यायात यक्तानाचे मुलगे आहेत, त्यांत हसर्मावेथ. हिब्रूत शब्दशः "मृत्यूचं अंगण". भीतिदायक वाटतं, पण हा माणूस नसून येमेनमधला हद्रमौत आहे! त्याचे भाऊ शबा आणि ओफीर, तेही मुलूखच. आणि हद्रमौत आम्हाला परका नाही. निजामाच्या फौजेत तिथून अरब आले, त्यांचे वंशज ते आपले चाऊस. माझ्या वर्गात दोन चाऊस होते. एकाला हे सांगितलं तर म्हणाला, "अरबीतही लोक त्या नावात 'मौत' शोधतात, पण आमची आजी म्हणायची तिकडे मध फार चांगला मिळतो."

चहाबाज

यादीत प्राण्यांची नावं किती आहेत हो! मी इकडेतिकडे शोधलं तर चक्कर आली. तोला म्हणजे किडा. हगाब म्हणजे टोळ. एज्रा २ मध्ये परोशाचे वंशज २,१७२. परोश म्हणजे पिसू!! दोन हजार एकशे बहात्तर पिसवा बाबेलच्या बंदिवासातून मायदेशी चालत आल्या.

मात्रावेलांटी

आणि याजकांच्या सतराव्या पाळीचा मुख्य कोण? हेजीर. म्हणजे डुक्कर. जेरुसलेमच्या किद्रोन खोऱ्यात "हेजीराच्या वंशजांची" कोरीव कबर आजही उभी आहे, वर हिब्रू लेख आहे. घराण्याला त्या नावाची लाज वाटत असती तर दगडात कोरलं नसतं. माझं आवडतं वाक्य २ राजे २२:१४. नियमशास्त्राचं पुस्तक मंदिरात सापडलं, राजा योशीया हादरला, तेव्हा त्यानं पाठवलेल्यांत अखबोर (उंदीर) आणि शाफान (खडकांत राहणारा, सशाएवढा प्राणी) होते. ते गेले कुणाकडे? हुल्दा संदेष्ट्रीकडे, तेही बिळात राहणाऱ्या प्राण्याचं नाव. पंचतंत्रच.

अशी नावं का, याचं एकच उत्तर नाही. काही लाडाची असतील. काही दृष्ट लागू नये म्हणून ठेवली असतील, आपल्याकडे दगडू, धोंडू, केरबा ठेवतात तशी.

सगळीच नावं खरी माणसं नाहीत, हेही लक्षात ठेवा. सहाव्या अध्यायात जुन्या इंग्रजी किंग जेम्स बायबलात शमुवेलाच्या थोरल्या मुलाचं नाव 'वश्नी' आहे. असा कुणी नव्हताच. मूळ वाक्य "थोरला योएल आणि दुसरा अबीया". नक्कल करताना 'योएल' गळला, आणि 'वहश्शेनी' म्हणजे "आणि दुसरा" हेच नाव होऊन बसलं.

खापरखुणा

वश्नी! "आणि दुसरा" नावाचा पहिला मुलगा.

सातारची_कविता

एवढा वेळ नुसती वाचत होते. चौथ्या अध्यायात एक याबेस आहे ना? नावांच्या गर्दीत अचानक दोन वचनं त्याच्यावर. आई म्हणते, याला मी क्लेशानं प्रसवलं, म्हणून नाव याबेस.

मी साताऱ्याची. आमच्या जिल्ह्यात २०११ मध्ये २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रमात बदलली. सगळ्यांची नावं एकच होती, नकोशी किंवा नकुसा. त्यांतली एक आमच्या गल्लीतली. नवीन नाव मिळालं, पण हाक जुन्याच नावानं यायची, शाळेत सुद्धा. याबेसला कुणी हाक मारत असेल तेव्हा त्याला दर वेळी "क्लेश" ऐकू येत असेल का?

मात्रावेलांटी

कविता, हा प्रश्न फार चांगला विचारलात. क्लेशाला हिब्रूत 'ओत्सेब'. त्यातली अक्षरं ऐन, त्साद, बेथ. नावात ती ऐन, बेथ, त्साद अशी आहेत. म्हणजे आईनं नाव ठेवताना शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल केली. पुरता "क्लेश" तिनं ठेवलाच नाही. तिनं मुद्दाम केलं की भाषेनं, ते सांगणारं तिथे कुणी नाही. आईचं तर नावही दिलेलं नाही.

आणि दहाव्या वचनात तो मोठा झाल्यावर प्रार्थना करतो, त्यातलं शेवटचं मागणं: संकटापासून राख, म्हणजे मला क्लेश होणार नाही. तिथे तोच धातू आहे, आणि तिथे अक्षरं सरळ क्रमानं आहेत. स्वतःचं नाव खरं ठरू नये, एवढंच मागतो. ते मिळालं, असं पुढचं वाक्य आहे.

अशीच उलटापालट यहूदाच्या थोरल्या मुलात आहे. नाव 'एर', आणि मजकूर म्हणतो तो परमेश्वराच्या दृष्टीनं 'रा', दुष्ट. तीच दोन अक्षरं उलटी. तिथे मात्र त्याला सुटका नाही.

आशेची_वात

ताई, हे मला ठाऊक नव्हतं. याबेसची प्रार्थना आमच्या घरी फ्रेममध्ये लावलेली आहे. फॉरवर्डबद्दल मी अजून विचार करतेय, पण हे मात्र आज संध्याकाळच्या प्रार्थनेत सांगणार.

तिसऱ्या अध्यायातल्या जरुब्बाबेलच्या मुलांबद्दलही कुणी लिहाल का? तीही नावं विचित्र आहेत.

खापरखुणा

जरुब्बाबेल हेच मुळी "बाबेलचं बीज". परमुलखात, त्या बाबेलच्या बंदिवासात जन्मलेल्याचं नाव, तेही अक्कादी. आता त्याच्या मुलांच्या यादीतलं दुसरं टोळकं बघा: हशुबा, ओहेल, बरेख्या, हसद्या, युशब-हेसेद. ओहेल म्हणजे तंबू. बरेख्या, याहनं आशीर्वाद दिला. हसद्या, याहची कृपा. आणि शेवटचा युशब-हेसेद, "कृपा परत येवो". बापाच्या नावात बाबेल, धाकट्याच्या नावात परतणं. एकाच घरात, एका पिढीत. ही पाच मुलं पहिल्यांपासून वेगळी का मोजली याचं एक उत्तर असं सुचवतात की ती मायदेशी परतल्यावर झाली.

अलिबाग_ते_अश्दोद

आमच्याकडे इथे पोहोचल्यावर जन्मलेल्या आत्याचं नाव गेउला, म्हणजे सुटका. तिच्या आधीची सगळी भावंडं अलिबागच्या नावांची. म्हणून युशब-हेसेद मला चांगलाच ओळखीचा वाटला.

नगरी_वाचक

सगळ्यांचे आभार. काल रात्री पावणेदोनची पाळी होती, ती पार पडली. बाकांवर मिळून अकरा जण, त्यांतले चार झोपलेले.

फॉरवर्ड वाचलं नाही. त्याऐवजी सुरुवातीला एवढंच सांगितलं की यात गावं आहेत, कुंभार आहेत, एक मृत्यूचं अंगण आहे आणि एक मुलगा आहे ज्याला आपलं नाव खोटं ठरवायचं होतं. मग सुरू केलं. पहिल्या अध्यायात तीनदा अडखळलो. हसर्मावेथ आला तेव्हा पैठणगेटांचा मध आठवून हसू आलं, ते खोकल्यात लपवलं. तिसऱ्यात युशब-हेसेदनंतर जरा थांबलो. चौथ्यात याबेस सावकाश वाचला.

पाळी संपवून खाली आलो तर मागच्या बाकावरच्या एका आजींनी हाताला धरलं. म्हणाल्या, ते क्लेशवालं परत वाच. वाचलं. म्हणाल्या, "माझं नाव धोंडाबाई. माझ्या आधीची तीन गेली म्हणून." मग म्हणाल्या, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दे, चष्मा आणला नाही. वाचनाच्या वेळापत्रकामागे लिहून दिलं.

हस्सलेलपोनीवर मात्र पुरता घसरलो. काय म्हटलं ते मलाही आठवत नाही. आजींनी तेही विचारलं, ही कोण रे? मला सांगता आलं नाही.

अलिबाग_ते_अश्दोद

हत्स्लेलपोनी म्हणा, तीन तुकडे करून: हत्स-लेल-पोनी. 'त्सेल' म्हणजे सावली, 'पोनी'त वळणं आहे. "सावली माझ्याकडे वळलेली" असं काहीसं. आणि आजींना सांगा, शमशोनाच्या आईचं नाव शास्त्रात कुठेच दिलेलं नाही, नुसती "मानोहाची बायको". तालमुदात मात्र ते नाव सांगितलंय: त्स्लेलपोनीत. ती हीच असं आमच्यात धरतात.